रक्त पडते ते दर वेळी मूळव्याधीचेच नसते

मागच्या वर्षी भातलावणी उरकत आली तेव्हा आम्ही वेल्हे तालुक्यातल्या एका वस्तीवर गेलो होतो. तालुक्याचे नाव आता सरकारदरबारी राजगड झाले आहे, पण लोकांच्या तोंडी अजून वेल्हेच आहे. विहारात आरोग्याची बैठक होती. विषय ठरलेला होता, साखर आणि रक्तदाब. बैठक संपली, चहा झाला, माणसे चिखलातून घराकडे निघाली. एक बाई मात्र खांबापाशी रेंगाळत राहिली. मग तिने आमच्यातल्या ताईंना बाजूला घेतले.

"ताई, आमच्या घरात गडीमाणूस पंचेचाळीस बघत नाही. सासरे पोटाच्या दुखण्यानं गेले. चुलत सासरे तसेच गेले. आता ह्यांना रक्त पडतंय. दोन वर्षं झाली. हे म्हणतात मूळव्याध आहे, तू गप बस."

नाव-गाव आम्ही लिहीत नाही. नवरा पुण्यात मार्केट यार्डात हमाली करतो आणि आठवड्याने घरी येतो. दोन वर्षांत त्याने तीन ठिकाणी औषध घेतले होते. पहिल्या ठिकाणी 'मूळव्याध, भगंदर, बिनाऑपरेशन' अशी पाटी होती. दुसरीकडे पुड्या मिळाल्या, तिसरीकडे मलम. तिन्ही ठिकाणी पैसे घेतले आणि एकाही ठिकाणी बोट घालून तपासणी झाली नाही. दुर्बिणीचे तर नावही कोणी काढले नाही. शेवटी भावकीतल्या कोणी तरी देवऋषाचा पत्ता दिला. घराण्याला कुणाचा तरी तळतळाट आहे, असे तिथे सांगण्यात आले. धम्म घेतलेल्या घरातसुद्धा दुखणे हाताबाहेर गेले की कोणाच्या ना कोणाच्या तोंडून देवऋषी निघतो. हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

त्या बाईच्या बोलण्यातच निम्मे निदान होते, हे आम्हाला नंतर डॉक्टरांनी सांगितले. एकाच घरात, एकाच रक्ताच्या नात्यात, पन्नाशीच्या आत, एकाच प्रकारचे दुखणे. ही खूण ओळखायला बायकांची आठवण पुरते. यंत्र नंतर लागते.

एका शिवणकाम करणाऱ्या बाईची वही

सव्वाशे वर्षांपूर्वी अमेरिकेत असेच घडले. मिशिगन राज्यातल्या अ‍ॅन आर्बर गावात पॉलिन ग्रॉस नावाची बाई कपडे शिवून पोट भरत होती. घरचे लोक जर्मनीहून आलेले. १८९५ साली तिची तिथल्या विद्यापीठातले डॉक्टर अल्ड्रेड वॉर्थिन यांच्याशी गाठ पडली. तिने त्यांना सांगितले की, माझ्या घरातली माणसे पोटाच्या, आतड्याच्या नाही तर गर्भाशयाच्या कर्करोगाने जातात, मीही तशीच जाणार. वॉर्थिन यांनी ते हसण्यावारी नेले नाही. पॉलिनने आजोबा, काका, आत्या, चुलत भावंडे, सगळ्यांची माहिती गोळा करून त्यांना दिली आणि १९१३ मध्ये वॉर्थिन यांनी ती छापली. पॉलिन पुढे खरोखरच गर्भाशयाच्या कर्करोगाने गेली. नंतर हेन्री लिंच नावाच्या डॉक्टरांनी तिच्या घराण्याचा माग पुढे चालवला. आज या आनुवंशिक आजाराला लिंच सिंड्रोम म्हणतात. त्यामागचे एमएसएच-२ नावाचे जनुक १९९३ मध्ये सापडले आणि ते बिघडलेले जनुक पॉलिनच्या घराण्यातही निघाले.

आजाराला नाव डॉक्टरांचे मिळाले. वही मात्र शिवणाऱ्या बाईची होती, हे आमच्या वाचकांनी विसरू नये.

पेशीच्या आत काय बिघडते

आता थोडे शास्त्र. अवघड नाही, फक्त सावकाश वाचावे.

आपल्या मोठ्या आतड्याचे आतले अस्तर सतत झिजते आणि चार-पाच दिवसांत नवे होते. म्हणजे तिथे रोज कोट्यवधी पेशी जन्मतात आणि तितक्याच मरून शौचावाटे निघून जातात. एवढी उलाढाल असलेल्या ठिकाणी 'वाढ' म्हणणारा निरोप हवा आणि 'थांब' म्हणणाराही हवा. निरोप देणे-घेणे हे पेशीच्या आतल्या प्रथिनांचे काम आणि प्रथिन कसे बनवायचे याची लिखित सूचना म्हणजे जनुक. 'थांब' म्हणणाऱ्या जनुकांना ट्यूमर सप्रेसर म्हणजे गाठ रोखणारी जनुके म्हणतात.

मोठ्या आतड्यात यातले सर्वांत महत्त्वाचे जनुक म्हणजे एपीसी. ते १९९१ मध्ये सापडले. त्याचे काम असे समजून घ्या. पेशीत बीटा-कॅटेनिन नावाचा एक निरोप्या असतो. तो पेशीच्या केंद्रात पोचला की वाढीची दवंडी पिटतो. (दवंडी पिटणे हे आपल्या आज्या-पणज्यांच्या माथी मारलेले काम होते, तेव्हा हा दाखला वाचकांना समजावून सांगायची गरज नाही.) एरवी एपीसी आणि त्याचे साथीदार या निरोप्याला वेशीवरच धरतात, त्याच्यावर खूण करतात आणि पेशी त्याला मोडून टाकते. बाहेरून 'विंट' नावाचा खरा निरोप आला, तरच त्याला थोडा वेळ मोकळे सोडले जाते. एपीसी तुटले की वेस उघडी पडते. बाहेरून कोणी निरोप धाडलेला नसतो, तरी निरोप्या आत शिरून 'वाढा, वाढा' अशी दवंडी पिटत राहतो. अस्तरावर चामखिळीसारखी बारीक वाढ होते. तिला पॉलिप म्हणतात. मोठ्या आतड्याच्या दहा कर्करोगांपैकी सुमारे आठांमध्ये एपीसी बिघडलेले आढळते.

पण एकट्या एपीसीने कर्करोग होत नाही. पॉलिप म्हणजे कर्करोग नव्हे. पुढे केरास नावाचे जनुक बिघडते. ते ब्रेक नाही, अ‍ॅक्सिलरेटर आहे आणि बिघडले की दाबलेलेच राहते. मग स्मॅड-४ सारखे आणखी एखादे थांबवणारे जनुक जाते. शेवटी बहुतेक वेळा पी-५३ जाते. पी-५३ हा पेशीचा पहारेकरी. जनुकांची मोडतोड दिसली की तो पेशीला दुरुस्तीसाठी थांबवतो, दुरुस्ती होण्यासारखी नसेल तर मरायला लावतो. हे प्रथिन १९७९ मध्ये सापडले आणि पुढची दहा वर्षे शास्त्रज्ञ त्याला कर्करोग वाढवणाराच समजत होते. पहारेकऱ्यालाच चोर ठरवले होते म्हणायचे. अमेरिकेतल्या बाल्टिमोर इथल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात बर्ट फोगेलस्टाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ ते १९९० च्या सुमारास दाखवून दिले की, हा बिघाड असा पायरीपायरीने होतो. साध्या पॉलिपचा कर्करोग व्हायला बहुधा दहा वर्षे किंवा त्याहून जास्त काळ लागतो.

ही दहा वर्षेच आपल्या हातात असतात. दुर्बिणीने पॉलिप दिसला तर त्याच वेळी तारेच्या फासाने काढता येतो, पोट फाडावे लागत नाही. काढला की त्या पॉलिपची पुढची वाट बंद झाली.

दोन ब्रेकची गाडी

मग हे घराण्यात कसे उतरते? प्रत्येक जनुकाच्या आपल्याकडे दोन प्रती असतात, एक आईची आणि एक बापाची. भोरहून वरंधा घाटाने महाडला उतरणाऱ्या गाडीला पायाचा ब्रेक असतो आणि हाताचाही. एक गेला तरी दुसऱ्यावर गाडी सावरता येते. दोन्ही गेले तर दरी. आल्फ्रेड नडसन या अमेरिकी डॉक्टरांनी १९७१ मध्ये लहान मुलांच्या डोळ्यांच्या कर्करोगाचा अभ्यास करताना दोन फटक्यांचा हा हिशेब मांडला आणि तो इतर अनेक कर्करोगांना लागू पडला.

बहुतेक माणसे दोन्ही ब्रेक शाबूत घेऊन जन्मतात. एखाद्या पेशीत दोन्ही निकामी व्हायला अर्धे आयुष्य जाते. काही जण मात्र आईकडून किंवा बापाकडून एक ब्रेक तुटलेलाच घेऊन येतात. त्यांच्या आतड्याच्या प्रत्येक पेशीत एकच ब्रेक उरलेला असतो. एपीसीची एक प्रत अशी जन्मतः बिघडलेली असली, तर तेरा-चौदा वर्षांपासूनच पॉलिप यायला लागतात आणि पुढे शेकड्यांनी, कधी हजारांनी होतात. इतक्यांतून एखादा शेवटची पायरी गाठतोच. उपचार झाले नाहीत तर चाळिशीच्या आसपास कर्करोग होणे जवळजवळ ठरलेले असते. हा आजार दुर्मीळ आहे, साधारण दहा हजारांत एकाला. लिंच सिंड्रोम त्याच्याहून बराच जास्त आढळतो. त्यात पॉलिप थोडे असतात, पण जनुकांतल्या लिहिण्याच्या चुका दुरुस्त करणारी यंत्रणाच मोडलेली असते, म्हणून पॉलिपचा कर्करोग लवकर होतो. बायकांत गर्भाशयाचा कर्करोगही होतो.

दोन्ही आजारांत आईबापांपैकी एकाला बिघाड असेल, तर प्रत्येक अपत्याला तो मिळण्याची शक्यता निम्मी. मुलगा असो की मुलगी. हे आम्ही मुद्दाम सांगतो आहोत, कारण त्या बाईने 'गडीमाणूस' म्हटले होते. घरच्या मुली लग्न होऊन दुसऱ्या गावी गेल्या, तिकडे त्यांचे काय झाले हे या घरात कोणी मोजलेच नव्हते.

आणखी एक. 'रक्तातच खोट आहे' हे वाक्य आपल्या माणसांनी शतकानुशतके ऐकले आहे. अशा बोलण्याची चीड असणे बरोबरच आहे. रक्ताच्या शुद्धतेसाठी जाती आहेत, हा दावा बाबासाहेबांनी १९३६ च्या 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये खोडून काढला आहे. आजचे जनुकशास्त्रही अशा दाव्याला आधार देत नाही. एपीसीचा बिघाड जात पाहून येत नाही. या आजाराच्या सुमारे चौथ्या हिश्शाच्या रुग्णांमध्ये तर आईबाप दोघेही निरोगी असतात, बिघाड त्या माणसातच नव्याने झालेला असतो. कोणत्या तरी पूर्वजाने पाप केले, कोणाचा तळतळाट लागला, असे यात काही नाही. पेशीतली एक ओळ लिहिताना चुकली आणि ती तशीच नकलून पुढे गेली.

किती घाबरायचे

मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचे बहुतेक रुग्ण अशा घराण्यांतले नसतात. आपल्या देशात हा कर्करोग पाश्चात्त्य देशांपेक्षा कमी आहे आणि खेड्यांत शहरांपेक्षाही कमी. सोलापूर जिल्ह्यात बार्शीला १९८७ पासून ग्रामीण भागातल्या कर्करोगाची नोंद ठेवली जाते. देशातली ती पहिली ग्रामीण नोंदणी. तिथल्या नोंदी पाहिल्या तरी हेच दिसते. तेव्हा चार दिवस पोट बिघडले म्हणून कोणी हबकून जाऊ नये.

काळजीची बाजू वेगळी आहे. परळच्या टाटा रुग्णालयात या आजाराचे जे रुग्ण येतात, त्यांचे सरासरी वय पन्नाशीच्या आत आहे, आणि गुदाशयाचा कर्करोग आपल्याकडे बराच दिसतो. गुदाशय म्हणजे शौचाच्या वाटेचा शेवटचा भाग. तिथून पडणारे रक्त ताजे, लाल असते, अगदी मूळव्याधीसारखे. सरकारची तपासणी मोहीम तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांच्या कर्करोगासाठी आहे. आतड्यासाठी अशी देशव्यापी मोहीम नाही. म्हणजे कोणी दारात येऊन विचारणार नाही, आपल्यालाच बोलावे लागणार.

आणि इथेच आपले घोडे अडते. शौचाचे बोलायची लाज. पहाटेच्या अंधारात ओढ्याकाठी जाणाऱ्या बाईला रक्त दिसणार कुठे? दिसले तरी सांगणार कोणाला? आमच्या ताईंनी नंतर त्याच वस्तीत बायकांची वेगळी बैठक घेतली, तेव्हा दोघींनी सांगितले की महिनोन्महिने रक्त पडत होते, पण नवऱ्याला कळू दिले नव्हते. दोघींची तपासणी झाली. एकीला मूळव्याध निघाली, दुसरीला भेग. दोघींचाही जीव भांड्यात पडला.

रक्त पडत असेल, शौचाची रोजची सवय महिनाभरात बदलली असेल, शौच होऊनही झाले नाही असे वाटत राहत असेल, कारण नसताना वजन उतरत असेल, तर भोरच्या किंवा वेल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात जाऊन डॉक्टरांना स्पष्ट सांगावे आणि तपासून घेतल्याशिवाय उठू नये. बोटाने केलेली साधी तपासणीही बरेच काही सांगते. पुरुषाच्या किंवा पाळी थांबलेल्या बाईच्या अंगात रक्त कमी भरले, तर नुसत्या लोहाच्या गोळ्या घेऊन गप्प बसू नये. ते रक्त जाते कुठे, हे विचारावे. दुर्बिणीच्या तपासणीची लोक उगाच धास्ती घेतात. आदल्या दिवशी पोट साफ करायचे औषध पितात, तोच भाग खरा कंटाळवाणा.

खाण्यापिण्याबद्दल थोडक्यात. दारू, तंबाखू, विडी यांनी धोका वाढतो, यात वाद नाही. नाचणी, वाल, घेवडा, पालेभाजी हे आपल्या मावळातले खाणे आतड्याला चांगले. मटणाबद्दल आम्हाला नेहमी विचारतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१५ मध्ये सॉसेज, सलामी अशा प्रक्रिया केलेल्या मांसाला कर्करोगकारक ठरवले आणि लाल मांसाला 'बहुधा कर्करोगकारक'. प्रश्न रोज किती खातो याचा आहे. महिन्यातून दोनदा मटण शिजणाऱ्या घराला यावरून शाकाहाराचे कीर्तन ऐकवायला कोणी आले, तर आधी त्याला गुटख्याच्या टपरीसमोर उभे करावे.

त्या घराचे पुढे काय झाले

नवऱ्याला पुण्याच्या एका मोठ्या सरकारी रुग्णालयात नेले. दुर्बीण घातली तेव्हा आतड्यात शेकडो पॉलिप होते आणि त्यातल्या एकाचा कर्करोग झालेला होता. नशिबाने तो अजून आतड्याच्या बाहेर पसरला नव्हता. मोठे आतडे काढावे लागले. काही महिने पोटावर पिशवी होती. त्या पिशवीपायी त्याने वस्तीत बाहेर निघणे सोडले होते. एके दिवशी त्याच्या जोडीदार हमालांनी घरी येऊन त्याच्यासोबत जेवण केले, तेव्हा तो पुन्हा विहारात यायला लागला. शस्त्रक्रियेचा खर्च महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून झाला. योजनेशी जोडलेल्या रुग्णालयात आरोग्यमित्र नावाचा माणूस बसतो. शिधापत्रिका आणि आधार घेऊन आधी त्याला भेटावे, पैसे भरून मोकळे होऊ नये.

एक गोष्ट इथे ठळकपणे सांगायची आहे. घरातल्या कोणाची गाठ काढली, तर तिचा अहवाल जपून ठेवा. गाठीचा तुकडा मेणाच्या वडीत ठेवलेला असतो. दवाखान्यात त्याला ब्लॉक म्हणतात. तो कुठे आहे हे विचारून ठेवा. लिंच सिंड्रोमचा संशय असेल तर त्याच तुकड्यावर एमएमआर नावाची तपासणी करता येते. वय पन्नाशीच्या आत असेल तर ती झाली का, हे डॉक्टरांना विचारा. जनुकाची तपासणी आधी आजारी माणसाच्या रक्तावर करायची असते. त्याच्यात नेमका बिघाड सापडला, की बाकीच्यांत तेवढाच शोधणे सोपे आणि स्वस्त पडते. मुंबईच्या टाटा मेमोरियल सेंटरमध्ये अशा घराण्यांसाठी कॅन्सर जेनेटिक्सचा स्वतंत्र विभाग आहे. तिथे तपासणीच्या आधी आणि नंतर बसून समजावून सांगतात.

या घरात एपीसीचाच बिघाड निघाला. चौदा वर्षांच्या मुलात तो नाही. त्याला आता इतरांपेक्षा जास्त तपासण्यांची गरज नाही. अकरा वर्षांच्या मुलीत आहे. ती शाळेत जाते, खेळते, तिला काहीही होत नाही. पण वर्षा-दोन वर्षांनी तिच्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी होत राहील. पॉलिप वाढले तर ते कर्करोग होण्याआधीच आतडे कधी काढायचे, हे डॉक्टर ठरवतील. बापाच्या वेळी जे दोन वर्षे उशिरा कळले, ते लेकीच्या बाबतीत तीस वर्षे आधी कळले आहे.

ज्यांच्या घरात जनुकाचा बिघाड सापडलेला नाही, पण आई, बाप, भाऊ, बहीण यांच्यापैकी एकाला आतड्याचा कर्करोग झाला आहे, त्यांनी साधा हिशेब लक्षात ठेवावा. चाळिसावे वर्ष, किंवा त्या नातेवाइकाला ज्या वयात रोग निघाला त्याच्या दहा वर्षे आधी, यातले जे अगोदर येईल तेव्हा डॉक्टरांकडे जाऊन दुर्बिणीच्या तपासणीचे विचारावे.

बाईने आता एक वही केली आहे. आम्ही ती पाहिली. दोनशे पानी, मुलाच्या शाळेतून उरलेली. पहिल्या पानावर आजेसासरे, त्यांची मुले, मुलांची मुले. ज्यांचे मरणाचे वय माहीत नव्हते तिथे तिने 'भाटघरच्या कामावर होता तेव्हा', 'पानशेत फुटले त्याच्या दुसऱ्या वर्षी' असे लिहून घेतले आहे. वरच्या जातींच्या घरांत छापील कुलवृत्तान्त असतात. आपल्या घरांत आज्यांच्या आठवणी आहेत, आणि त्या आज्या आता थोड्याच उरल्या आहेत. म्हणून हे काम या पावसाळ्यातच व्हावे. कोण कोणत्या वयात गेला, पोटात गोळा होता का, रक्त पडत होते का, आणि लग्न होऊन गेलेल्या लेकी-बहिणींचे काय झाले, एवढे विचारले तरी पुरे.

त्या वहीत एका नावापुढची जागा मात्र कोरी आहे. नवऱ्याची बहीण भोर तालुक्यात दिलेली आहे. वय अडतीस. तिने तपासणीला नकार दिला आहे. तिच्या मुलीचे लग्न ठरत आले आहे. घरात रोग आहे असे कळले तर सोयरीक मोडेल, ही तिची भीती. ती खोटी आहे असे आम्हाला म्हणवत नाही. पाहुण्यांकडून अशा सोयरिकी मोडलेल्या आम्ही पाहिल्या आहेत, त्यातही शिकलेल्या, विहारात पुढे बसणाऱ्या घरांकडून. तपासणीचा निकाल तिच्याशिवाय कोणालाही कळणार नाही, कळवण्याचा हक्क फक्त तिचा, हे आमच्या ताईंनी तिला दोनदा सांगितले. दुसऱ्यांदा ती एवढेच म्हणाली, "पोरीचं होऊन जाऊ द्या, मग बघू."

लग्नाची तारीख धम्मचक्र प्रवर्तन दिनानंतरची धरली आहे. ताईंनी त्याच्या आधी एकदा भोरला जाऊन यायचे ठरवले आहे, आणि या वेळी त्या भावजयीला सोबत नेणार आहेत.